पंख्याचा कौल

गुरुवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास बिबवेवाडीतल्या सुखनिवास सोसायटीत चपलांची रांग तिसऱ्या मजल्यावर सुरू व्हायची आणि पार्किंगमधल्या पाण्याच्या टाकीपाशी संपायची. गर्दी इतकी वाढली होती की सेक्रेटरींनी लिफ्टच्या दारावर कागद चिकटवला होता : 'लिफ्ट फक्त सभासदांसाठी. दिवंगत सभासदांना भेटायला येणाऱ्यांनी जिना वापरावा.'

लोक मुकाट्याने जिना चढायचे. गुडघे धरत, नारळ सांभाळत तीनशे दोन नंबरच्या फ्लॅटमध्ये शिरायचे आणि हॉलमधल्या सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसायचे. समोर भिंतीवर कै. रंगराव कोंढरे यांचा हार घातलेला फोटो, त्याखाली टेबल आणि टेबलावर रंगरावांचा कॉम्प्युटर. त्याच्या काळ्या डब्याला हळदकुंकू वाहिलेलं, मॉनिटरला झेंडूची माळ, आणि ज्या जाळीतून डब्यात हवा जाते त्या जाळीपुढेच दोन उदबत्त्या. माऊसवर रेशमी रुमाल झाकलेला. त्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती.

हॉल शांत झाला की थोड्या वेळाने तो डबा घरघरायला लागायचा. आधी मांजर गुरगुरावं तसा, मग पिठाच्या गिरणीसारखा. कोणी त्याला शिवलेलं नसायचं. पडदा काळा ठिक्कर. आणि आत पंखा असा फिरायचा की पुढच्या उदबत्तीचा धूर तिरका होऊन जाळीत शिरायचा.

"आले," मागून कोणीतरी पुटपुटायचं, आणि शंभर हात जोडले जायचे.

मग साईनाथ पुढे यायचा. वय चाळिशीचं, कपाळावर गंध, मनगटावर स्मार्टवॉच, अंगात भगवा कुर्ता आणि खाली जीन्स. उजवा हात कायम कुर्त्याच्या खिशात. खिशात जपमाळ आहे, असं तो सांगायचा. लोक एकेक करून प्रश्न विचारायचे आणि रंगराव कौल द्यायचे. पंखा घोंगावला की 'हो', गप्प झाला की 'नाही'. उत्तर यायला अर्धं मिनिट लागायचं. आत्मा लांबून येतो, त्याला वेळ द्यावा लागतो, असं साईनाथचं म्हणणं होतं.

त्याचं बाकीचं म्हणणंही ऐकण्यासारखं होतं. कॉम्प्युटरच्या पोटात मुळातच राम आहे, इंग्रज त्याला रॅम म्हणतात हा त्यांच्या उच्चाराचा दोष. क्लाउड म्हणजे काय, तर ढग. ढग कुठे असतात? वर. आणि आपले पूर्वज कुठे असतात? तेही वर. मग इतकी वर्षं आपण पूर्वजांशी बोलायला वायरलेस का वापरलं नाही, याचंच त्याला नवल वाटायचं. श्रोत्यांत आयटी कंपनीत काम करणारे दोघेतिघे असायचे. तेही मान डोलवायचे.

स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी असायची रंगरावांची एकुलती एक मुलगी, उत्कर्षा. नारायण पेठेत राहायची आणि तिथल्याच एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवायची. वर्गात ती गुरुत्वाकर्षण शिकवत असे आणि गुरुवारी माहेरी येऊन आपल्या बापाच्या आत्म्याच्या भाविकांना चहा देत असे. यातलं काय जास्त अवघड आहे, हे तिला सांगता आलं नसतं.

खरं तर हा सगळा पसारा रंगरावांनी पाहिला असता तर त्यांनी सगळ्यांना जिन्यावरून खाली हाकललं असतं. चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमनपासून वर चढलेला माणूस. फोनमध्ये खरखर आली की लोक म्हणायचे, पावसामुळे असेल. रंगराव म्हणायचे, "असेल म्हणजे काय? खांबावर चढून बघितलंस का?" निवृत्तीनंतर त्यांनी कॉम्प्युटर घेतला, स्वतः शिकले आणि बिबवेवाडीत शेतं होती तेव्हापासूनची कोंढऱ्यांची वंशावळ त्यात भरत बसले. गेल्या डिसेंबरात एका सकाळी दाढी करता करता ते कोसळले, ते उठलेच नाहीत.

तेराव्याला साईनाथ घरात आला तो असा. स्वारगेटजवळ त्याचं लहानसं दुकान होतं. गेलेल्या माणसाचे फोटो द्यायचे, तो त्यांना बासरीचं संगीत लावून 'स्मृतिज्योत' नावाचा कार्यक्रम करून द्यायचा. पेनड्राइव्ह रंगरावांच्या कॉम्प्युटरला लावून त्याने तो टीव्हीवर दाखवला. लग्नातले रंगराव, खांबावर चढलेले रंगराव, नातवाला खांद्यावर घेतलेले रंगराव. सगळं घर ढसाढसा रडलं. जाताना साईनाथ उत्कर्षाच्या आईला, सत्यशीलाबाईंना, म्हणाला, "वहिनी, मी हे कॉम्प्युटरमध्ये टाकूनच ठेवलंय. आठवण आली की डबल क्लिक करायचं." पेनड्राइव्हही ठेवून गेला. त्यावर त्याचा फोन नंबर छापलेला होता.

पंधरा दिवसांनी सत्यशीलाबाई दुपारी भाजी निवडत होत्या. पाहुण्यांची वर्दळ संपली होती, हॉलमध्ये कोणी नव्हतं, आणि तेराव्यापासून चालूच राहिलेल्या कॉम्प्युटरमधून घरघर ऐकू आली. त्या जाऊन नवऱ्याच्या खुर्चीत बसल्या, माऊसवर हात ठेवला, आणि घरघर थांबली. त्या उठून आत गेल्या. थोड्या वेळाने परत सुरू झाली. चार दिवस असंच चाललं, तेव्हा त्यांनी पेनड्राइव्हवरच्या नंबरला फोन केला. कॉम्प्युटरवाला माणूस त्यांच्या ओळखीचा तेवढाच होता. साईनाथ आला, डोळे मिटून डब्यापुढे दोन मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, दादा गेलेलेच नाहीत. इथे शिफ्ट झालेत."

त्या दिवसापासून सत्यशीलाबाई पुन्हा जेवायला लागल्या. उत्कर्षा गप्प राहिली ती त्यासाठी. आणि आणखी एक कारण होतं, जे तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. एका रविवारी हॉलमध्ये ती एकटीच असताना डबा घरघरायला लागला. तिने जाऊन माऊसवर हात ठेवला. घरघर थांबली, आणि विज्ञानाच्या बाई तोंडातल्या तोंडात "बाबा?" म्हणून गेल्या होत्या.

मार्चमध्ये सत्यशीलाबाई दोनदा चक्कर येऊन पडल्या. एकदा भाजीवाल्यापुढे, एकदा न्हाणीघरात. डॉक्टरांनी तपासलं तर नाडीचे ठोके पस्तिसावर आलेले. पेसमेकर बसवावा लागेल, त्यांनी सांगितलं. मोठं काही नाही, पण हा आठवडा ओलांडू नका. उत्कर्षाने तारीख ठरवली, आईची बॅग भरली. आई म्हणाली, ह्यांना विचारते.

त्या गुरुवारी भरल्या हॉलमध्ये त्यांनी विचारलं. "अहो, ऑपरेशन करून घेऊ का?"

पंखा घोंगावत होता. अर्ध्या मिनिटाने तो हळूहळू बसत गेला आणि पार गप्प झाला.

"नको म्हणतात," साईनाथ म्हणाला. "देहात यंत्र घालायला दादांची परवानगी नाही. आणि वहिनी, हॉस्पिटलला गेलात तर इथला दिवा कोण सांभाळणार?"

उत्कर्षाच्या हातातला ट्रे खाली पडला नाही, एवढीच तिची त्या दिवशीची कमाई. आईने भरलेली बॅग रिकामी करून साड्या कपाटात ठेवल्या. उत्कर्षाने शाळेत दोन दिवसांची रजा कळवली आणि तुझ्यासोबत राहते, असं सांगून माहेरीच मुक्काम ठोकला.

शुक्रवारी दुपारी आई झोपली तेव्हा तिने डब्याची बाजू उघडली. आधी साधं कारण पाहावं, हे ती मुलांना शिकवायची. आत धूळ साचली की यंत्र तापतं आणि पंखा जोरात फिरतो. धूळ होतीच. उदबत्तीची राख होती आणि कुंकू तर इतकं होतं की एखाद्या हळदीकुंकवाला पुरलं असतं. तिने ब्रशने सगळं झाडून काढलं, झाकण लावलं आणि लांब जाऊन बसली. पंखा पुन्हा सुरू झाला.

मग ती खुर्चीत बसली. माऊस हलवताच आवाज उतरला. तिने टास्क मॅनेजर उघडला, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये कोण किती काम करतंय ते दाखवणारी यादी. प्रोसेसर तीन टक्के. अगदी सज्जन. यादी बंद करून ती उठली आणि घड्याळ लावून बसली. बरोबर पाच मिनिटांनी घरघर. पुन्हा यादी उघडली, तीन टक्के. असं तिने अकरा वेळा केलं. दर वेळी पाच मिनिटं, ना पावणेपाच ना सव्वापाच. रंगराव आयुष्यात कधी जेवायलाही वेळेवर आले नव्हते. मेल्यावर माणूस इतका सुधारतो यावर तिचा विश्वास बसेना.

तिने शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांना, ज्ञानदेव सरांना, फोन लावला. ज्ञानदेव सरांना जास्त बोलणाऱ्यांचा राग होता आणि त्यात ते स्वतःलाही सूट देत नसत. सगळं ऐकून ते म्हणाले, आधी घाबरायचं कारण नाही. कॉम्प्युटर रिकामा असला की तो आपली घरकामं काढतो. अपडेट उतरवून घेतो, व्हायरस शोधतो, फाइलींची यादी करतो. माणूस आला की कामं बाजूला ठेवतो. तेव्हाही पंखा फिरतो आणि हात लावला की थांबतो. फक्त ते तासाभरात आटपतं. महिनोन् महिने चालत नाही.

"आणि सर, टास्क मॅनेजर उघडला की लगेच गप्प होतो."

ज्ञानदेव सरांनी निकाल दिला. "मग ते भूत नाही. भुताला टास्क मॅनेजरची भीती कशाला वाटेल? चोर आहे. कोणी बघायला लागलं की पोतं खाली ठेवून उभा राहतो."

चोराला न कळता पाहायचं होतं. ज्ञानदेव सरांनी फोनवर आठ ओळी सांगितल्या, उत्कर्षाने त्या टाइप केल्या. त्यामुळे पडद्यावर कुठली खिडकी उघडणार नव्हती. दर दहा सेकंदांनी कुठला प्रोग्राम किती काम करतोय एवढंच एका फाइलमध्ये गुपचूप लिहिलं जाणार होतं. मग ती आईसोबत चहा प्यायली, मटार सोलले, आणि हॉलमध्ये गिरणी चालू राहिली. दोन तासांनी तिने फाइल उघडली.

दोन तासांत शेकडो ओळी झाल्या होत्या. ती हॉलमध्ये नसताना प्रत्येक ओळीत एकच नाव वर होतं, प्रोसेसरचा शहाण्णव-सत्त्याण्णव टक्के भाग एकटं खाणारं. नाव असं ठेवलं होतं की वाटावं कॉम्प्युटरचाच काही तरी भाग असेल. पण ते राहत होतं स्मृतिज्योतीच्या फोल्डरमध्ये. फोटोंच्या मागे, बासरीच्या शेजारी.

शनिवारी ज्ञानदेव सरांनी उत्कर्षाकडचा तो पेनड्राइव्ह शाळेत नेऊन एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये घातला आणि दुपारपर्यंत सगळं उलगडलं. हा प्रोग्राम इंटरनेटवरून बिटकॉइनसारख्या आभासी चलनाची गणितं आणायचा आणि सोडवून परत पाठवायचा. गणितं सुटली की पैसे ज्याच्या नावावर जमा व्हायचे तो माणूस वेगळा, आणि यंत्र झिजायचं, वीज जळायची ती दुसऱ्याच्या घरात. घरच्यांना संशय येऊ नये म्हणून पाच मिनिटं कोणी शिवलं नाही तरच तो कामाला लागायचा. शिवाय त्याला एक लगामही होता. दर पाच सेकंदांनी तो इंटरनेटवरचं एक पान वाचायचा. पानावर 'चालू' असलं की पाच मिनिटंही न थांबता सुरू, 'बंद' असलं की बंद, कोरं असलं की आपला पाच मिनिटांचा नेम. ते पान खिशातल्या मोबाइलवरून बदलता येत होतं.

"आणि माणूस आळशी आहे," सर म्हणाले. "सगळ्या घरांना पान एकच. तुमच्या बाबांनी बिबवेवाडीत 'नाही' म्हटलं की याने जिथे जिथे फोटो दाखवलेत तिथले सगळे आत्मे एकदम गप्प बसतात."

संध्याकाळी उत्कर्षाने आईला शेजारी बसवून सगळं सांगितलं. फाइल दाखवली. आईने चष्मासुद्धा लावला नाही.

"तुला ते नकोत म्हणून मलाही नसावेत का?" त्या म्हणाल्या.

उत्कर्षाने फाइल बंद केली. पुरावा हातात असूनही तिला वाटलं की आपणच काहीतरी चोरायला निघालोय. रात्री जेवताना तिने फक्त एवढं विचारलं की उद्याच्या बैठकीत तिने बाबांना चार प्रश्न विचारले तर चालेल का. आई म्हणाली, विचार. मुलगीच आहेस त्यांची.

गुरुवारसारखीच रविवारी सकाळीही एक बैठक असायची. दहा वाजता हॉल भरला आणि पाठोपाठ ज्ञानदेव सर रिक्षातून एक कॉम्प्युटर घेऊन आले. त्यांनी तो तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्यानेच आणला, कारण लिफ्टवरचा कागद त्यांनी वाचला होता आणि ते सभासद नव्हते. त्या डब्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलं होतं : 'इयत्ता ८ वी ब'. रंगरावांच्या शेजारी त्याची स्थापना झाली. साईनाथने भुवई उचलली, तेव्हा उत्कर्षाने सांगितलं की हाही ऐकायला बसेल. भक्तांना त्यात काही गैर दिसलं नाही. उलट एकीने त्यालाही फूल वाहिलं.

उत्कर्षा पुढे झाली.  आई पहिल्या ओळीत बसली होती, एक हात छातीवर.

"बाबा, तुम्ही आलात का?"

साईनाथचा हात खिशात हलला. अर्धं मिनिट गेलं. रंगराव घरघरले, आणि त्यांच्या सुरात सूर मिसळून आठवी ब-ही घरघरायला लागली.

लोक डावीकडे बघायला लागले, मग उजवीकडे. पहिल्या ओळीत तुळजाबाई होत्या, जुन्या बिबवेवाडीकर, जागा विकून फ्लॅटमध्ये आलेल्या. त्यांनी सगळ्यांच्या मनातलं विचारलं. "ह्या दुसऱ्यात कोण हाय?"

"कोणी नाही," ज्ञानदेव सर म्हणाले. "मुलं त्यावर चित्रं काढतात."

साईनाथ अडखळला, पण क्षणभरच. आत्मा व्यापक असतो, त्याने सांगितलं, जवळ रिकामं पात्र दिसलं की त्यातही उतरतो. काही जणांनी मान डोलावली. माणसाला मान डोलवायची सवय लागली की ती एकदम जात नाही.

उत्कर्षाने रिकामा चहाचा ट्रे त्याच्यापुढे धरला आणि पुढच्या प्रश्नापुरता त्याचा मोबाइल त्यात ठेवायला सांगितलं. साईनाथ म्हणाला, मोबाइल बंदच आहे. मग तर अडचणच नाही, ती म्हणाली. तो म्हणाला, जपमाळेला हात लावलेला सोडता येत नाही. जपमाळ राहू द्या, ती म्हणाली. सगळा हॉल त्या खिशाकडे बघत होता.

"ठेवा की महाराज," तुळजाबाई म्हणाल्या. "आत्मा काय तुमच्या मोबाइलमधनं येतोय व्हय?"

मोबाइल ट्रेमध्ये आला. तो काढताना खिसा उलटा झाला, आणि आत जपमाळ नव्हती, हेही त्यानिमित्ताने सगळ्यांना दिसलं.

दोन्ही पंखे घोंगावत होते. उत्कर्षाने विचारलं, "बाबा, तुमचं नाव साईनाथ होतं का?"

घोंगावणं चालूच. अर्धं मिनिट, एक मिनिट. म्हणजे हो.

"तुम्ही टेलिफोन खात्यात होतात की नव्हतात ते राहू द्या. तुम्ही कधी बाळंत झाला होतात का?"

पंखे पूर्ण जोमात 'हो' म्हणत राहिले. मागच्या रांगेत कोणीतरी फसकन हसलं आणि मग हसू हॉलभर पसरलं. आयटीवाले दोघे सर्वांत जोरात हसले, कारण त्यांना लाज वाटत होती. सत्यशीलाबाई हसल्या नाहीत.

मग उत्कर्षाने टीव्ही लावला आणि ती फाइल दाखवली. कुठलाही कठीण शब्द न वापरता, आठवीला शिकवावं तसं तिने सांगितलं. प्रोसेसर म्हणजे हिशेब करणारा चौकोनी तुकडा. खूप हिशेब केले की तो तापतो. तापला की त्याला गार करायला पंखा जोरात फिरतो. पंख्याला एवढंच कळतं. गणित कोणाचं आहे, घरात कोण गेलंय, कोण रडतंय, हे त्याला कळत नाही. या दोन्ही कॉम्प्युटरमध्ये एकच प्रोग्राम आहे, तो एका पेनड्राइव्हमधून आला, आणि पेनड्राइव्हवर ज्यांचा नंबर आहे ते इथेच बसले आहेत.

तिने सगळ्यांसमोर तो प्रोग्राम बंद केला आणि काढून टाकला. हळूहळू पंखा बसला. रंगराव गप्प झाले आणि शेजारी आठवी ब एकटीच घोंगावत राहिली. ज्ञानदेव सरांनी तिचीही बोळवण केली. मग उत्कर्षाने रंगरावांच्या कॉम्प्युटरवर स्वतः एक साधा हिशेब लावला, मोठमोठ्या मूळ संख्या शोधायचा. मिनिटाभरात पंखा पूर्वीइतकाच घोंगावला. तिने हिशेब थांबवला, पंखा थांबला. पुन्हा लावला, पुन्हा फिरला.

"आता तुम्ही करून दाखवा," ती साईनाथला म्हणाली आणि मोबाइलचा ट्रे त्याच्यापुढे सरकवला. "मोबाइल घ्या. आत्म्याला बोलवा."

त्याने मोबाइल उचलला. बोट फिरवलं. अर्धं मिनिट सगळे थांबले. पंखा निपचित होता. बाहेरून भंगारवाल्याची आरोळी तेवढी ऐकू आली.

तेव्हा सत्यशीलाबाई उठल्या. भिंतीला धरून त्या साईनाथसमोर येऊन उभ्या राहिल्या. ठोके पस्तीस असलेल्या बाईचा आवाज असतो त्याहून पुष्कळ स्थिर आवाजात त्यांनी विचारलं, "गुरुवारी मी ऑपरेशनचं विचारलं. तेव्हा 'नको' तुम्ही दाबलंत?"

"वहिनी, मी तुमच्या भल्यासाठी..."

"मी माझ्या नवऱ्याला विचारत होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही मध्ये कशाला आलात?"

साईनाथ दाराकडे सरकला. तुळजाबाईंनाही आता आठवलं. गेल्या महिन्यात त्यांनी विचारलं होतं, सुनेला माहेराहून आणावं की नाही, आणि पंखा गप्प झाला होता. सून अजून माहेरीच होती, पोटुशी.

"आमची सून बी तुमीच अडवली म्हणायची," त्या म्हणाल्या, आणि ज्या नजरेने त्यांनी त्याच्याकडे पाहिलं ती पाहून साईनाथने चपला शोधायलाही वेळ घेतला नाही. तो अनवाणीच जिना उतरला. पण ज्ञानदेव सरांनी पेनड्राइव्ह, ती फाइल आणि इंटरनेटवरच्या पानाचा पत्ता आदल्या दिवशीच सायबर पोलिसांच्या तक्रारीला जोडला होता. मंगळवारी त्याला दुकानातून चौकशीला नेलं. कॉम्प्युटरच्या गुन्ह्यासोबत जादूटोणाविरोधी कायद्याचं कलमही लागलं.

हॉल रिकामा झाल्यावर उत्कर्षाने मॉनिटरवरची माळ काढली, डबा पुसला आणि आईजवळ येऊन बसली. लोकांसमोर जिंकणं सोपं गेलं होतं. पण आईचा नवरा आता दुसऱ्यांदा गेला होता, आणि या वेळी तो तिने नेला होता.

आई म्हणाली, "तू माऊसला हात लावायचीस आणि तो थांबायचा. तुलाही वाटलं होतं ना?"

"एकदा," उत्कर्षा म्हणाली. "मी हाक मारली होती."

सत्यशीलाबाईंनी तिचा हात आपल्या हातात घेतला आणि मग दोघी मनसोक्त रडल्या. तेराव्याला बासरीच्या संगीतावर रडल्या होत्या त्याहून वेगळं. रडून झाल्यावर सत्यशीलाबाईंनी कपाट उघडलं आणि साड्या पुन्हा बॅगेत भरल्या.

सोमवारी पेसमेकर बसला. ऑपरेशनच्या आधी त्यांनी डॉक्टरांना अर्धा तास बसवून ठेवलं. वायर कुठून जाणार, बॅटरी किती वर्षं टिकणार, मोबाइल जवळ धरला तर चालेल का. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दिलं. त्यांनी ते चित्र आणखी एकदा समजावून घेतलं आणि मगच सही केली.

साईनाथच्या दुकानातल्या वहीत अशा अकरा घरांची नावं सापडली. पोलिसांनी त्यांना कळवलं, पण कळवणं आणि पटणं यात अंतर असतं. महिनाभराने सत्यशीलाबाईंनी उत्कर्षाला स्कूटर काढायला लावली आणि त्या धनकवडीत गोदाबाईंच्या घरी गेल्या. गोदाबाईंचा तिशीतला मुलगा अपघातात गेला होता. त्याच्या लॅपटॉपपुढे त्या रोज ताट वाढायच्या. पोलिसांच्या माणसाला त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं. घरात भाऊबंद, शेजारी असे बरेच जण जमले होते, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांवर 'ह्या कोण आल्या आमचा पोरगा न्यायला' असं लिहिलेलं होतं.

उत्कर्षा बोलायला लागली होती. आईने तिला थांबवलं.

"मी तुम्हाला काही पटवायला आले नाही," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "मीही तीन महिने नमस्कार केलाय. मला विचाराल तर त्यात फार बरं वाटायचं. पण त्या डब्याने मला मरायला सांगितलं आणि मी मरायला तयार झाले, कारण एकदाही विचारलं नाही की हा पंखा का फिरतो. मी अडाणी नाही हो. रडत होते, एवढंच. आणि आपण रडत असतो तेव्हाच ही माणसं दार वाजवतात. म्हणून सगळ्यांना सांगते. कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी एवढं विचारा, हे कसं होतं? पुन्हा करून दाखवाल का? खिशातला हात बाहेर काढून दाखवाल का? देव असेल तर त्याला अशा प्रश्नांचा राग यायचा नाही. ज्याला राग येईल त्याला घराबाहेर काढा."

 लॅपटॉप कोपऱ्यात घरघरत होता. सत्यशीलाबाई गोदाबाईंच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"हे आधी बंद करू," त्या म्हणाल्या. "मग तुमचा मुलगा कसा होता ते मला सांगा. मी संध्याकाळपर्यंत बसते."

गोदाबाईंनी बराच वेळ लॅपटॉपकडे पाहिलं. मग ताट बाजूला सरकवलं आणि उत्कर्षाला हाताने खूण केली, घे, बंद कर.